रविवारी उतू जाणारा, शनिवारी गप्प बसणारा स्किमर
वाचकांचे प्रश्न : समुद्री मत्स्यटाकी

या वेळी आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे प्रोटीन स्किमरविषयी, म्हणजे बारीक बुडबुड्यांच्या फेसाने पाण्यातली सेंद्रिय घाण उचलून वरच्या कपात टाकणाऱ्या उपकरणाविषयी, आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांची तक्रार एकच आहे : स्किमर ‘लागत’ नाही, म्हणजे स्थिर चालत नाही. पहिले पत्र सविस्तर आहे, मोजमापांसह आहे आणि त्यातच त्याचे उत्तरही दडलेले आहे, म्हणून ते जवळजवळ पूर्ण छापत आहोत.

प्रश्न : माझी प्रवाळ टाकी १२० सेंमी लांब, ४५ सेंमी रुंद आणि ५० सेंमी उंच आहे. खाली ७५ बाय ३५ सेंमीचा संप (मुख्य टाकीला जोडलेली दुसरी टाकी) एका काच कारागिराकडून करून घेतला आहे. त्यात कप्पे नाहीत. सर्व मिळून पाणी सुमारे ३०० लिटर भरते. दोन क्लाउनफिश, एक गोबी, काही झोअँथिड आणि मशरूम प्रवाळ आहेत. पाच आठवड्यांपूर्वी संपमध्ये बसणारा नवा स्किमर घेतला. रविवारी सुटी असल्याने मी टाकीची सर्व कामे त्याच दिवशी उरकतो आणि आठवड्याभरात उडालेले सुमारे १५ लिटर आरओचे पाणी संपमध्ये भरतो. रविवारी रात्री स्किमरचा कप पाण्यासारख्या पातळ द्रवाने भरून सांडतो. मी स्किमरमधून बाहेर जाणाऱ्या पाण्याची झडप उघडतो, तेव्हा तो शांत होतो. बुधवारपर्यंत बरा चालतो. शुक्रवारी-शनिवारी मात्र फेस मानेच्या (कपाखालच्या अरुंद नळीच्या) निम्म्यावरही चढत नाही, म्हणून मी झडप पुन्हा आवळतो. शिवाय आमच्याकडे काही गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद असते, तेव्हाही तो सांडतो; स्किमर आणि वेव्हमेकर (टाकीतले पाणी घुसळणारा छोटा पंप) मी मुद्दाम इन्व्हर्टरवर जोडले आहेत. दुकानदार म्हणतात, स्किमर टाकीच्या मानाने मोठा आहे. मित्र म्हणतो, लहान आहे. बदलून घ्यावा का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : बदलू नये. आपण दिलेल्या आकड्यांवरून स्किमरमध्ये दोष दिसत नाही. तो ज्या पाण्यात उभा आहे, त्याची पातळी दर आठवड्याला वर-खाली होते आणि आपण झडप फिरवून त्या पातळीचा पाठलाग करीत आहात.

आधी हिशेब पाहू. आपल्या संपचे तळक्षेत्र ७५ गुणिले ३५, म्हणजे २६२५ चौरस सेंमी आहे. याचा अर्थ त्यातील पाण्याचा प्रत्येक सेंटिमीटर सुमारे २.६ लिटरचा आहे. वरच्या टाकीतील पातळी ओव्हरफ्लोच्या, म्हणजे पाणी संपमध्ये उतरवणाऱ्या वाटेच्या, काठाने बांधलेली असते, त्यामुळे बाष्पीभवन वरच्या टाकीतून झाले तरी तूट सगळी संपमध्येच दिसते. १५ लिटर पाणी उडाले म्हणजे संपमधील पातळी रविवार ते रविवार साधारण पावणेसहा सेंटिमीटर खाली गेली. संपमध्ये बसणाऱ्या बहुतेक स्किमरना एका ठरावीक खोलीत, बहुधा १५ ते २५ सेंमीच्या दरम्यान, उभे राहायचे असते आणि त्यांचे माहितीपत्रक त्यातलीही दोन-चार सेंटिमीटरची अरुंद पट्टी सांगते. बाहेरचे पाणी चढले की स्किमरच्या आतले पाणीही चढते आणि फेस कपाच्या जवळ येतो. बाहेरचे उतरले की आतलेही उतरते आणि फेसाला मान चढण्याआधीच विरून जावे लागते. जिथे एक सेंटिमीटरचा फरकही कपात दिसतो, तिथे आपला फरक जवळजवळ सहा सेंटिमीटरचा आहे.

यात आपल्या हातून आणखी एक गोष्ट घडते. शनिवारी फेस चढत नाही म्हणून आपण बाहेर जाणाऱ्या पाण्याची झडप आवळता, म्हणजे आतली पातळी मुद्दाम उंचावता. आणि दुसऱ्याच दिवशी १५ लिटर पाणी ओतून बाहेरची पातळीही उंचावता. दोन्ही एकाच दिशेचे बदल एकावर एक बसतात, म्हणून रविवार रात्रीचा पूर. शनिवारी झडपेला हात लावला नसता, तर रविवारी थोडेफार सांडले असते, पण कप काठोकाठ भरून वाहिला नसता.

उपाय दोन आहेत आणि शक्य असल्यास दोन्ही करावेत. पहिला म्हणजे ऑटो टॉप-अप : एक फ्लोट किंवा सेन्सर, एक छोटा पंप आणि शेजारी आरओच्या पाण्याचा २० लिटरचा जार. संपमधली पातळी अर्धा सेंटिमीटर उतरली की तेवढेच पाणी आपोआप येते. दुसरा म्हणजे संपमध्ये काचेची एक आडवी भिंत चिकटवून स्किमरसाठी वेगळा कप्पा करणे; वरून येणारे पाणी आधी त्या कप्प्यात पडते आणि भिंतीच्या काठावरून पुढे वाहते, त्यामुळे तिथली पातळी काठाएवढीच राहते आणि चढ-उतार फक्त पाणी परत वर नेणाऱ्या रिटर्न पंपाच्या कप्प्यात होतो. चालू टाकीत सिलिकॉन लावता येत नाही, संप रिकामा करून वाळवावा लागतो. त्यामुळे हे काम उद्याच झाले पाहिजे, असा आग्रह नाही. तोपर्यंत संपच्या काचेवर मार्करने एक रेघ ओढावी आणि रोज सकाळी त्या रेघेपर्यंत पाणी भरावे. आपल्या टाकीला रोज दोन लिटरच्या आसपास लागेल. याचा लाभ केवळ स्किमरलाच नाही : ३०० लिटरमधून १५ लिटर निव्वळ पाणी उडते तेव्हा मीठ मागेच राहते, आणि दर हजारी ३५ भाग असलेली क्षारता आठवडाअखेर ३७ च्या जवळ पोहोचलेली असते. प्रवाळांना ही साप्ताहिक ओढाताण स्किमरच्या सांडण्यापेक्षा जास्त नकोशी असते.

पुण्यातल्या वाचकांनी हेही लक्षात ठेवावे की दोन लिटरचा आकडा उन्हाळ्याचा आहे. चैत्र-वैशाखातल्या कोरड्या हवेत, त्यातही टाकीवर पंखा लावलेला असेल तर, पाणी भराभर उडते. आषाढ-श्रावणात हवा दमट झाली की बाष्पीभवन बरेच मंदावते. म्हणून अमुक वारी अमुक लिटर, असा नेम न ठेवता रेघेकडे पाहूनच पाणी भरावे.

पातळी स्थिर झाली की मगच स्किमरला हात लावावा. हवेची झडप पूर्ण उघडी ठेवावी. हवा कमी करून फेस आवरणे म्हणजे उपकरण अर्धे बंद करणे होय. त्यानंतर बाहेर जाणाऱ्या पाण्याची झडपही पूर्ण उघडावी, म्हणजे आतली पातळी सर्वांत खाली येईल, आणि मग ती थोडी थोडी आवळत जावे. पारदर्शक नळकांड्यातून पाहिल्यास खालचे दुधाळ, खळबळणारे पाणी आणि त्याच्या वरचा संथपणे चढणारा फेस यांच्यामधली सीमा स्पष्ट दिसते. ही सीमा कपाच्या तळाच्या थोडी खाली, मान जिथे सुरू होते त्याच्या आसपास, आली की थांबावे. हा बदल काही मिलिमीटरचा असतो. त्यानंतर किमान एक दिवस, शक्यतो दोन दिवस, काहीही करू नये. फेसाला आपल्या नव्या जागी स्थिरावायला वेळ लागतो आणि जो मनुष्य दर तासाला झडप फिरवतो, त्याला आपल्या कोणत्या फिरवण्याने काय झाले हे कधीच कळत नाही.

हे सारे करताना काही वेळा स्किमर अचानक गप्प बसेल, त्या वेळी घाबरून जाऊ नये. गोठवलेले मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) किंवा तेलयुक्त पूरक लावलेले खाद्य घातले की फेस तासा-दोन तासांसाठी कोसळतो. टाकीत हात घातला तरी त्वचेवरच्या स्निग्धतेने तसेच होते. पोळ्या लाटून उठलेल्या हाताने प्रवाळ सरकवला आणि रात्रभर फेस आलाच नाही, असे एका स्नेह्यांकडे मी पाहिले आहे. उलट काही पदार्थांनी स्किमर वेड्यासारखा उसळतो : नळाच्या पाण्याचा क्लोरिन घालवणारी द्रावणे, काही औषधे आणि प्रवाळ चिकटवायची इपॉक्सी पुट्टी. या शेवटच्या वस्तूचा धडा मला स्वतःला मिळाला आहे. काही वर्षांपूर्वी एका रात्री मी प्रवाळाचे तीन तुकडे पुट्टीने बसवले आणि समाधानाने झोपलो; पहाटे पाहतो तो टाकीखालच्या कपाटाच्या तळाशी दोन बोटे खारे पाणी साचलेले, प्लायवूड फुगलेले आणि एक्स्टेन्शन बोर्ड त्या पाण्यापासून दोन इंचांवर लटकत असलेला. तेव्हापासून पुट्टी वापरायच्या दिवशी मी स्किमरचा कप काढून ठेवतो. पंप चालू राहतो, पाण्यात हवा मिसळत राहते, फेस वर येऊन तिथेच संपमध्ये परत पडतो आणि सांडायला काही उरत नाही.

नव्या स्किमरला सुरुवातीचे काही दिवस ते दोन-तीन आठवडे सैरभैर वागण्याची सूट द्यावी लागते, कारण त्याच्या प्लास्टिकवरचा उत्पादनातला तेलकटपणा जाऊन जैविक थर बसायला तेवढा वेळ लागतो. आपले पाच आठवडे झाले आहेत, त्यामुळे ते कारण आपल्याला लागू नाही.

आता गुरुवार. वीज गेली की आपला रिटर्न पंप थांबतो आणि वरच्या टाकीतले ओव्हरफ्लोच्या काठापर्यंतचे पाणी खाली उतरते. ते दोन सेंटिमीटर जरी मानले, तरी १२० बाय ४५ सेंमीच्या टाकीतून जवळजवळ ११ लिटर पाणी संपमध्ये येते आणि तिथली पातळी चार सेंटिमीटर चढते. रिटर्न पंप इन्व्हर्टरवर नाही, स्किमर आहे. म्हणजे वीज येईपर्यंतचे सगळे तास तो चार सेंटिमीटर जास्त पाण्यात चालतो आणि सांडत राहतो. स्किमर इन्व्हर्टरवरून काढावा. वीज नसताना माशांना हवा असतो तो प्राणवायू आणि त्यासाठी वेव्हमेकर पृष्ठभाग घुसळेल असा तिरका करून इन्व्हर्टरवर ठेवला तर पुरतो. वीज परत आल्यावर स्किमर पाच-दहा मिनिटे उशिरा सुरू होईल, असा टायमर लावल्यास तेवढ्या वेळात रिटर्न पंप जादा पाणी वर नेऊन ठेवील.

कपाच्या स्वच्छतेविषयी आपण विचारलेले नाही, तरी सांगतो. मानेच्या आतल्या बाजूला तपकिरी चिकट थर बसला की फेस त्यावर घसरून खाली येतो. आठवड्यातून दोनदा कप काढून गरम पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने मान घासावी. भांड्यांचा साबण चुकूनही लावू नये.

प्रश्न : स्किमरचा द्रव जितका काळा तितका स्किमर चांगला, असे मला सांगण्यात आले आहे. माझ्या स्किमरमधून कोऱ्या चहाच्या रंगाचे पाणी निघते. तो कमी पडतो आहे का?
— एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : रंगावरून स्किमरची किंमत करू नये. स्किमर नेमके काय करतो हे पाहिले म्हणजे त्याचे कारण कळते. माशांची विष्ठा, उरलेले खाद्य आणि शेवाळ यांतून पाण्यात जी प्रथिने, स्निग्ध द्रव्ये आणि इतर सेंद्रिय रेणू मिसळतात, त्यांतील अनेकांचे एक टोक पाण्याकडे ओढ घेणारे आणि दुसरे पाणी टाळणारे असते. अशा रेणूंना पाणी आणि हवा यांच्या सीमेवर राहणे सोयीचे असते. स्किमर त्यांना लक्षावधी बारीक बुडबुड्यांच्या रूपाने ही सीमा पुरवतो; रेणू बुडबुड्यांना चिकटतात, बुडबुडे वर चढतात, फेस होतो आणि फेस कपात पडतो. गुऱ्हाळावर रस उकळताना वर येणारी मळी झाऱ्याने काढून टाकतात, ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना काम ओळखीचे वाटेल; फरक एवढाच की इथे उष्णतेऐवजी हवा आहे. समुद्र स्वतःही हे करतो. पावसाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर लाटांनी आणून टाकलेला पिवळट फेस हा त्याच प्रक्रियेचा आहे.

आतली पातळी खाली ठेवली, तर फेसाला मान चढायला वेळ लागतो, वाटेत पाणी निथळून जाते आणि कपात थोडा पण दाट, काळपट, दुर्गंधीयुक्त द्रव पडतो. पातळी वर ठेवली, तर फेस ओलाच कपात पडतो, द्रव फिका पण पुष्कळ असतो. आपला चहाच्या रंगाचा द्रव रोज पाव कप निघत असेल आणि शेजाऱ्याचा काळा द्रव रोज दोन चमचे, तर आपला स्किमर जास्त काम करीत असणे सहज शक्य आहे. मासे जास्त असतील किंवा नायट्रेट चढत असेल, तर मी ओल्या बाजूला झुकतो; टाकीत मासे थोडे असतील, प्रवाळांचा रंग फिका पडत असेल, तर कोरड्या बाजूला. मात्र ओल्या फेसात टाकीचे खारे पाणीही जाते : प्रत्येक लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ. त्याची जागा ऑटो टॉप-अप गोड्या पाण्याने भरतो, म्हणून क्षारता हळूहळू उतरते. ओला फेस काढणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर हातात घ्यावा.

काळ्या द्रवाच्या अभिमानाला थोडा आळा घालणारी एक गोष्ट आहे. अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक केन फेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये निरनिराळ्या स्किमरची मोजणी प्रसिद्ध केली, तेव्हा पाण्यातील एकूण सेंद्रिय कार्बनापैकी स्किमरने काढलेला हिस्सा साधारण २० ते ३० टक्क्यांच्या आसपासच भरला आणि महागड्या-स्वस्त बनावटींमध्ये अपेक्षेइतका फरक दिसला नाही. पुढच्या वर्षी त्यांनी कपातल्या गाळाचे विश्लेषण केले. त्यात कॅल्शियम कार्बोनेट आणि डायटम या सूक्ष्म शेवाळाच्या कवचांची सिलिका यांचा वाटा मोठा निघाला. म्हणजे कपातला काळा गाळ सगळाच ‘प्रोटीन’ नसतो. उरलेले काम ‘जिवंत खडका’त, म्हणजे टाकीतल्या सच्छिद्र खडकात, वस्ती केलेले जिवाणू, पाणी बदलणे आणि खाद्य घालणारा हात आवरणे यांनीच होते. एकदा नायट्रेट तयार झाले की ते स्किमरच्या हाती लागत नाही. तो फक्त त्याचा कच्चा माल आधी उचलतो.

प्रश्न : स्किमर बसवल्यापासून मुख्य टाकीत बारीक बुडबुडे दिसतात.
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : आधी दोषी कोण ते ठरवावे. स्किमर १५ मिनिटे बंद ठेवून पाहावे. बुडबुडे तरीही येत असतील, तर ते वरून कोसळणाऱ्या ओव्हरफ्लोच्या पाण्यातून येत आहेत. बंद केल्यावर थांबले, तर स्किमरचे निर्गम तोंड रिटर्न पंपाकडून दुसरीकडे वळवावे आणि मध्ये काचेची भिंत किंवा भरड स्पंज ठेवावा. स्पंज दर तीन-चार दिवसांनी धुवावा लागतो. स्किमर नवा असेल, तर दोन आठवडे वाट पाहूनच काय ते करावे.

प्रश्न : आमचा फ्लॅट रात्री खिडक्या बंद करून एसीत असतो. पहाटे टाकीचा पीएच ७.७ पर्यंत उतरतो. स्किमरची हवेची नळी बाल्कनीत काढावी, असा सल्ला मिळाला. तो योग्य आहे का?
— एक वाचक, बाणेर

उत्तर : सल्ला योग्य आहे. बंद खोलीत माणसांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साचतो, स्किमर तीच हवा तासन्‌तास पाण्यात मिसळतो आणि पीएच उतरतो. शिवाय रात्री शेवाळ आणि प्रवाळ प्रकाशसंश्लेषण करीत नाहीत, त्यामुळे पहाटेचा आकडा सर्वांत खालचा असतो. बाहेरच्या हवेने तो बहुधा सुधारतो. मूळ नळीपेक्षा जरा रुंद नळी घ्यावी, नाहीतर लांबीमुळे हवेचा ओघ घटतो आणि फेस बसतो. नळीचे बाहेरचे तोंड खाली वळवून त्यावर बारीक जाळी लावावी.

मात्र बाल्कनीतली हवाही नेहमी शुद्ध नसते. पावसाळ्यात डासांसाठी सोसायटीत धुराची फवारणी होते. तिच्यात बहुधा पायरेथ्रॉइड वर्गाची कीटकनाशके असतात आणि ती माशांना, त्याहून अधिक कोळंबीला आणि खेकड्यांना, अत्यंत विषारी असतात. स्किमर ती हवा थेट पाण्यात कालवील. फवारणीचा आवाज ऐकू आला की स्किमर बंद करावा आणि हवा निवळल्यावर तासाभराने सुरू करावा. दिवाळीच्या फटाक्यांच्या रात्री आणि घरात रंगकाम चालू असतानाही हेच. नळी घरातच ठेवणाऱ्यांनी तिच्या तोंडाशेजारी मच्छरांची कॉइल किंवा उदबत्ती लावू नये. देवघर आणि मत्स्यटाकी एकाच कोनाड्यात असलेली पुण्यातली किमान तीन घरे मला ठाऊक आहेत.

नळीचे आतले टोक महिन्यातून एकदा पाहावे. जिथे हवा पाण्याला भेटते, तिथे मिठाची पांढरी पुटे जमून छिद्र अरुंद होते आणि फेस दिवसेंदिवस कमी होत जातो. स्किमर चालू असतानाच नळीचे मोकळे टोक कोमट आरओच्या पाण्याच्या पेल्यात क्षणभर बुडवावे. पंप ते पाणी स्वतःच ओढून घेतो आणि मीठ विरघळते. फेस पुन्हा उसळेल, तो तासाभरात जागेवर येतो.

प्रश्न : माझ्या गोड्या पाण्याच्या गोल्डफिशच्या टाकीला स्किमर लावता येईल का?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : उपयोग होणार नाही. गोड्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि फेस टिकत नाही. खाऱ्या पाण्यात ते बारीक राहतात, म्हणून तिथे हे यंत्र चालते. त्याच पैशांत मोठा कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्यातला गाळणी) घ्यावा.